खानावळीतला एकटा (पेन्सिल रेखाटन): चिरफाड करा

रेघोट्या

नमस्कार मंडळी. संस्थळाच्या या कलादालनात मी एरवी नुसता वाचायला येतो, आज चित्र घेऊन आलोय. कौतुक केलंत तर आवडेलच, पण खरी गरज चिरफाडीची आहे.

विषय पुण्याचाच. सदाशिव पेठेतली एक खानावळ, रात्री साडेनऊचा सुमार, गर्दी ओसरलेली. आत मोजकी टेबलं आणि दाराशेजारच्या भिंतीला ठोकलेली सनमायकाची लांब फळी, तिच्यासमोर स्टुलं. एकटे येतात ते फळीवर बसतात, म्हणजे भिंतीकडे तोंड करून जेवतात. पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं किती, हे पुणेकरांना सांगायला नको. अभ्यासिकेतून उठायचं, जेवायचं, परत अभ्यासिकेत जाऊन बसायचं. तसाच एक मुलगा चित्रात डाव्या बाजूला पाठमोरा बसलाय. पाण्याच्या तांब्याला टेकवून त्याने चालू घडामोडींच्या नोट्स उभ्या केल्यात. त्याच्यासमोर भिंतीवर आडवा, पट्टीसारखा आरसा. उजवीकडे उघडं दार, दारातून रस्ता दिसतो: स्कूटर, झेरॉक्सचं दुकान, खांबावर 'कॉट बेसिसवर जागा मिळेल'चे कागद.

साहित्य: ए-थ्री कार्ट्रिज कागद, आखणी एचबीने, मग २बी, ४बी, ६बी आणि अगदी गडद जागी ८बी. पुट्टी रबर (हवा तसा आकार देता येतो ते मऊ खोडरबर).

आता अडचणी. रस्ता आणि मुलगा ही दोन वेगळी चित्रं एकमेकांना चिकटवल्यासारखी वाटतात. गडद भाग चमकतो, फोटोत तर पांढरा दिसतो. आणि तिसरी सगळ्यात मोठी: एवढ्या गजबजलेल्या शहरात माणूस किती एकटा, ते मला दाखवायचं होतं. आईला दाखवलं तर म्हणाली, "बिचारा! घरी आण की त्याला जेवायला." आता हे जमलं म्हणायचं की बिघडलं?

पावसाळी

तांब्याला टेकवलेल्या नोट्स! दंडवत. कुठल्याही खानावळीत जा, हेच दिसतं आणि कुणी काढत नाही.

उगाच

अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं १९४२ सालचं 'नाइटहॉक्स' आठवलं. काचेमागचं रात्रीचं हॉटेल आणि तो पाठमोरा माणूस.

रेघोट्या

@उगाच, हॉपर येणार याची खात्रीच होती, फक्त तिसऱ्या प्रतिसादात येईल असं वाटलं होतं. :)

कलामास्तर

आलाच आहे तर त्याच्याकडून काहीतरी घ्या. त्या चित्रात आतला उजेड बाहेर रस्त्यावर सांडतो आणि रस्ता जवळजवळ रिकामा आहे. शिवाय रस्त्यावरून आत शिरायला दार दाखवलेलंच नाही. आपण बाहेर उभे, ते आत, आणि मध्ये काच. तुमच्या चित्रात उलट आहे. दार सताड उघडं, रस्त्यावर आतल्याइतकाच उजेड, झेरॉक्सच्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. डोळा सरळ दारातून बाहेर पडतो आणि मुलाकडे परत येतच नाही. दोन चित्रं वाटतात ती यामुळे.

रस्ता ६बीने सरसकट खाली ढकला. स्कूटरची फक्त सीट चमकू दे. पाटी वाचता येता कामा नये. कडा पुसट करा, कारण कडक कड ही डोळ्याला मारलेली हाक असते आणि ती हाक फक्त मुलाच्या कानाच्या आणि खांद्याच्या कडेला हवी.

सवड असेल तर फ्रेंच चित्रकार जॉर्ज स्यूराची रेखाटनं बघा. रंगांच्या ठिपक्यांनी चित्रं रंगवणारा प्रसिद्ध स्यूरा नव्हे, १८८० नंतरच्या काही वर्षांत त्याने काळ्या कॉन्ते खडूने केलेली. पॅरिसच्या कडेच्या वस्त्या, संध्याकाळ, एकटी उभी माणसं. त्यांत बाह्यरेषा जवळपास नसतेच. कागद उठावदार पोताचा, खडू फक्त उंचवट्यांना लागतो, खळगे पांढरे राहतात, आणि त्या करड्या धुरातून माणूस वर येतो. तुम्ही आधी रेषेने माणूस कापून घेतलाय आणि मग आत छटा भरलीय. ही आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटची देणगी. आयुष्यभर मीच ते शिकवलं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार! स्मरणचित्रात मानवाकृती हव्यातच, ठळक हव्यात, त्यांच्याकडून काहीतरी 'कृती' घडत हवी. एकाच माणसाला पाठमोरा बसवायचं धाडस माझ्या वर्गात कुणी केलं नसतं.

कॉटबेसिस

बरेच दिवस वाचनमात्र होतो, या चित्राने लॉगिन करायला लावलं. मी तो मुलगा आहे. म्हणजे तोच नव्हे, पण तशाच फळीवर वर्षानुवर्षं जेवलोय. बीडहून आलो होतो.

धागाकर्त्यांना राग येणार नसेल तर सांगतो, तुमचा एकटेपणा चुकीच्या जागी बसलाय. खोलीत चार कॉट, त्यातला एक जण कायम फोनवर. अभ्यासिकेत दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या आडोशापलीकडे कुणीतरी पान उलटतंय, खोकतंय. गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न, "निकाल कधी?" पूर्ण दिवसात मला कुणी काही विचारत नाही असा वेळ कुठला, तर फळीवरचा. भिंतीकडे तोंड असलं की ओळखीचा आला तरी बोलावं लागत नाही. मी मुद्दाम तिथेच बसायचो, टेबल रिकामं असलं तरी.

खरं एकटं वाटायचं रविवारी संध्याकाळी. दुपारी फीस्ट, सगळी पोरं एकदम, गुलाबजामवरून हाणामाऱ्या. संध्याकाळी मेसला सुट्टी. मग शटर ओढलेल्या लक्ष्मी रोडवरून वडापावची गाडी शोधत फिरायचं. आजूबाजूला सगळी कुटुंबं, हातात आइस्क्रीम. ते काढा एकदा.

आता चित्राबद्दल. मान चुकलीय. तुम्ही मान खाली टाकलीत, म्हणून तुमच्या आईंना तो बिचारा वाटला. जेवताना वाचणाऱ्याची मान खाली पडत नाही, पुढे जाते. आणि हात बघा. डावा हात पान धरायला (पंख्याने उडतं), उजव्या हातातला घास ताट आणि तोंड यांच्या मध्येच थांबलेला, कारण ओळ संपायची आहे. कधी कधी आमटी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळते तरी पत्ता नसतो. तो थांबलेला हात काढलात तर मान कशीही असली तरी चालेल.

पावसाळी

@कॉटबेसिस, आमटीच्या ओघळाला +१. हे बाहेरून बघणाऱ्याला सुचलं नसतं.

लालबागकर

चित्र आवडलं. पण खानावळ म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे दुसरंच येतं. आमचे आजोबा गिरणीत. कोकणातून एकटे आलेले, आजी गावी. गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे, एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची सतरंजी मोकळी. जेवण शेजारच्या खानावळवाल्या बाईंकडे, महिन्याच्या हिशोबावर. टेबल-फळी काही नाही, जमिनीवर पंगत. वडील सांगतात की तिथे कुणी भिंतीकडे तोंड करून जेवला तर लोकांनी विचारलं असतं, "काय रे, गावाहून काही वाईट कळलं काय?"

म्हणजे एकटी माणसं तेव्हाही होती, लाखांनी होती, पण ती एकटी बसत नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुढे गिरण्याच गेल्या. मग पंगती कुठल्या राहणार?

आणि एक विचारतो. तुमच्या चित्रात जेवणारा आहे, पोळ्या लाटणारी कुठाय? आमच्याकडच्या खानावळवाल्या बायांना संघटित करायला १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्याआधी त्या बायांना बँकेने दारात उभं केलं नसतं. दिवसभर चुलीपुढे असलेली बाई कमी एकटी असते का? तुम्ही तिला चौकटीबाहेर ठेवलीत.

रेघोट्या

@लालबागकर, मावशी माझ्या पाठीमागे होत्या, भटारखान्यात. मी बसलो होतो तिथून त्या दिसत नव्हत्या, फक्त पोळपाटाचा आवाज येत होता. आता आवाज पेन्सिलीने कसा काढायचा!

@कॉटबेसिस, राग कसला येतोय. उद्या आरशासमोर पुस्तक ठेवून जेवून बघतो.

@कलामास्तर, पाटी पुसायला जिवावर येतंय. ती अक्षरं काढायला फार मेहनत घेतली होती.

कलामास्तर

ज्यावर जास्त मेहनत घेतली तेच बहुधा पुसावं लागतं. पुसा.

उगाच

सगळं ठीक, पण त्या मुलाला विचारलंत का? परक्या माणसाला जेवताना टिपायचं आणि नेटवर टाकायचं. फोटो काढला असता तर इथेच दहा जण तुटून पडले असते.

रेघोट्या

@उगाच, रास्त प्रश्न. तिथे बसून फक्त फळी, आरसा, दार यांची खिशातल्या वहीत टिपणं केली. मुलगा दोन-तीन जणांचा मिळून झालाय आणि चेहरा मुद्दाम नाहीच. ओळखू यावा असा कुणी त्यात नाही. फोटो काढायचा मलाही संकोच वाटला असता.

टी-स्क्वेअर

व्यवसायाने वास्तुविशारद, त्यामुळे माझं लक्ष नको तिथे जातं. मला तुमचा आरसा खटकतोय.

तुम्ही समोरासमोर बसून एकबिंदू यथादर्शन घेतलंय, म्हणजे मागे जाणाऱ्या सगळ्या कडा एकाच केंद्रबिंदूत मिळतात. नेत्रपातळीची रेषा आरशातून जाते, फळीच्या आणि दाराच्या कडा वाढवून मी पडद्यावर पट्टी लावून पाहिलं. आरसा भिंतीला सपाट असेल तर हिशोब सरळ आहे: जिथे चित्राचा केंद्रबिंदू, तिथेच आरशात चित्रकाराचं डोकं. मुलगा बरोबर मध्ये बसला असता तर त्याच्या डोक्याआड तुमचं डोकं लपलं असतं, कारण तुमची प्रतिमा दुप्पट लांब, म्हणून लहान. पण मुलगा डावीकडे आहे. मग आरशात पंखा आहे, ट्यूबलाइट आहे, तुम्हीच कुठे नाही. खानावळीत त्या वेळी अजून एक माणूस एकटाच बसला होता आणि चित्रातून नेमका तोच गायब आहे.

पावसाळी

बाप रे. हे वाचल्यावर चित्र परत उघडून बघितलं.

रेघोट्या

@टी-स्क्वेअर, पकडलंत. पण आरसा सपाट नव्हता. वरून तारेने टांगलेला, पुढे झुकलेला, जुन्या सलूनमध्ये असतो तसा. मी तो सपाट काढला कारण झुकलेला आरसा काढायची भीती वाटली. आणि मी स्वतः त्यात नको होतो, हेही आहेच. चित्र त्या मुलाचं आहे, माझं नाही.

टी-स्क्वेअर

झुकलेला असेल तर अजून मजा. आरसा जितके अंश झुकतो त्याच्या दुप्पट दृष्टिरेषा झुकते. समजा पाच अंश झुकलाय आणि तुम्ही भिंतीपासून दहा फुटांवर आहात. नेत्रपातळीवर समोर बघितलंत तर नजर दहा अंश खाली वळून परत येईल, म्हणजे तुमच्यापाशी पोचेपर्यंत डोळ्यांच्या पावणेदोन फूट खाली. तिथे काय असतं? टेबल. तुमचा चेहरा दिसायला आरसा नेत्रपातळीच्या वर जवळजवळ दहा-अकरा इंच हवा. तुम्ही पट्टीसारखा अरुंद म्हणताय, म्हणजे चेहरा वरच्या कडेला कापला गेला. राहिलं काय, तर तुमचं ताट आणि हात.

तुम्हाला चित्रात यायचं नाही ना? मग तोंड दाखवू नका. पण ताट काढा. भूमितीच तसं सांगतेय.

लालबागकर

हे भारी आहे. दोन ताटं!

सकुरा आणि सांडगे

टोकियोहून. इथे एकट्याने जेवणं इतकं नेहमीचं आहे की त्यासाठी जागाच आखलेल्या असतात. भिंतीला लागून काउंटर, काही ठिकाणी दोन खुर्च्यांमध्ये लाकडी आडोसा, समोरच्या छोट्या खिडकीतून वाडगा पुढे सरकतो, वाढणाऱ्याचा चेहराही दिसत नाही. सुरुवातीला मला ते भयाण वाटायचं. आता कामावरून सुटले की तिथेच जाते, आणि घरी फोनवर मात्र "मैत्रिणीबरोबर जेवले" असं सांगते, कारण एकटीच जेवले म्हटलं की पुढची दहा मिनिटं त्यातच जातात. कॉटबेसिस यांचं म्हणणं तंतोतंत पटलं. या चित्रात मुलगा नसून मुलगी असती तर लोकांनी अजून काय काय वाचलं असतं, हाही विचार आला.

पावसाळी

माझा एक वेगळा मुद्दा. एकटेपणासाठी माणूस काढायलाच हवा का? नसरीन मोहमदींची रेखाटनं बघितली आहेत का कुणी? मुंबई, मग १९७२ पासून बडोद्याला शिकवणं, आणि अखेरचे दिवस आपल्या अलिबागजवळच्या किहीमला, १९९० मध्ये तिथेच गेल्या. पेन्सिल, शाई आणि आखणीची उपकरणं, बस्स. कागदभर रेषा, कुठे दाट, कुठे विरळ, कुठे अचानक थांबलेल्या. ना माणूस, ना घर. तरी पुढ्यात उभं राहिलं की आजूबाजूचा आवाज बंद झाल्यासारखं होतं. तुमचं दार, फळी, आरसा, स्टूल एवढंच ठेवून मुलगा काढून टाकला तर?

कलामास्तर

नसरीनबाईंचं काम मोठंच, पण तो वेगळा रस्ता आहे, त्यात वर्षं घालवावी लागतात. इथे मुलगा काढला की खानावळ बंद झाल्याचं चित्र होईल. उलट टोकाला सुधीर पटवर्धन बघा. पेशाने रेडिओलॉजिस्ट, ठाण्यात राहून शहरातली माणसंच रंगवत आले. २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झालं होतं. माणसांनी भरलेली चित्रं, पण नजरा बघा, एकमेकांना फारशा भेटत नाहीत. रेघोट्यांना तो धडा जास्त उपयोगी पडेल.

रेघोट्या

मुलगा राहू दे. त्याच्यासाठीच तर काढलं. पण स्टूल एक वाढवतोय, रिकामं.

कॉटबेसिस

रिकामं स्टूल नको हो. ते सिनेमातलं वाटतं. त्याच्यावर त्याची सॅक ठेवा. सॅक जमिनीवर कुणी ठेवत नाही, खाली पाणी सांडलेलं असतं.

रेघोट्या

सॅक! मान्य.

आता त्या चमकेचं काय करू? आरशाशेजारचा अंधार आणि रस्ता दोन्ही ८बीने दाबून भरलेत.

कलामास्तर

दाबून भरलेत तिथेच घोळ झाला. कॉन्ते खडूमुळे कॉन्ते या फ्रेंच संशोधकाचं नाव वर आलंच आहे. त्याच्या १७९५ च्या पेटंटपासून ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती मिसळून, भाजून पेन्सिलीची कांडी करतात. माती जास्त तर पेन्सिल कठीण आणि फिकी, माती कमी तर मऊ आणि काळी. ८बी म्हणजे जवळजवळ सगळं ग्रॅफाइट, आणि ग्रॅफाइट मुळातच चकाकणारं. वर जोर दिलात की कागदाचे उंचवटे चेपतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि आरसा तयार. एक आरसा तुम्हाला झेपेना, त्यात हा दुसरा.

नव्या कागदावर सगळ्यात गडद जागा आधी कार्बन किंवा चारकोल पेन्सिलीने हलक्या हाताने भरा. त्या मॅट असतात. ग्रॅफाइटवर नंतर चारकोल लावाल तर घसरेल, धरणार नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा. बाकीच्या छटा ४बी-६बीच्या पातळ थरांनी, दर थराला दिशा बदलून. बोटाने घासू नका, हाताचं तेल लागतं आणि डाग पडतो. कामाची सुरुवात वर डावीकडून, हाताखाली कोरा कागद. पावसाळ्यात कागद सर्द असतो, खोडताना तंतू उपटतात, तेव्हा तो आधी पंख्याखाली ठेवा. फिक्सेटिव्ह (चित्र पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) एकदम भसकन मारू नका, लांबून दोन-तीन हलके हात, नाहीतर छटा अजून गडद होतात. फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात घ्या, फ्लॅश बंद.

आणि कार्ट्रिज सोडा. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथे स्वतः जाऊन कागदावरून बोट फिरवून बघा. थोडा खरखरीत घ्या, म्हणजे स्यूराची गंमत हाताला कळेल.

रेघोट्या

मंडळी, दुसरा खर्डा टाकतोय.

कागद हातकागद संस्थेतला. रस्ता चारकोलमध्ये बुडवला, पाटी गेली, स्कूटरची सीट तेवढी राहिली. मान पुढे, घास मध्येच थांबलेला, मनगटावर ओघळ (पुट्टी रबराच्या टोकाने उचलून काढला, त्या एवढ्याशा जागेला सगळ्यात जास्त वेळ लागला). शेजारच्या स्टुलावर सॅक. आरसा झुकवला. आरशात आता एक ताट, दोन हात, आणि एका हातात पेन्सिल. अगदी डाव्या कडेला भटारखान्याच्या दाराचा काठ आणि पोळपाटावर वाकलेलं कोपर आलंय. लालबागकर, आरसा झुकल्यावर ते माझ्या पाठीमागून आपोआप आत आलं, मी वेगळं काही केलं नाही.

लालबागकर

कोपर पाहिलं. पोचलं.

सकुरा आणि सांडगे

आता तो कुणाची वाट बघत नाहीये असं वाटतंय. पहिल्यात वाटत होतं.

कॉटबेसिस

ओघळ जमलाय. आता फक्त एक: ताटात लिंबाची फोड एवढी मोठी? कुठल्या मेसमध्ये जेवता ते कळवा.

टी-स्क्वेअर

आरसा पटला, ताट योग्य जागी आहे. एकच शंका. आरशात उजवा हात चित्राच्या उजव्या बाजूलाच दिसतो, बाजू बदलत नाही. तुमच्या आरशात पेन्सिल डाव्या बाजूच्या हातात आहे. चूक झालीय का?

रेघोट्या

चूक नाही. मी डावखुरा आहे. :)

कलामास्तर

मग हे आधी सांगायचं की! वर "डावीकडून सुरुवात करा" म्हटलंय ते उजवीकडून असं वाचा. तरीच त्या सॅकवर तळहाताचा धब्बा पडलाय.